लेखनवर्गाची नोंदवही आणि मुलांची खाजगी माहिती

आपल्या बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला एक संस्कृत लेख कोरलेला आहे. त्यात फारुकी राजांची वंशावळ दिली आहे. अक्षर कसे असावे हे दाखविण्यासाठी मी मुलांना तो लेख आवर्जून दाखवितो. राजाची वंशावळ सर्वांनी वाचावी म्हणूनच ती दगडात कोरली गेली. वहीतल्या मजकुराचे तसे नसते. तो कोणी वाचावा हे लिहिणाऱ्याने ठरवावयाचे असते. हा भेद मला शिक्षक असूनही फार उशिरा उमगला.

उन्हाळ्याच्या सुटीत मी हस्ताक्षर व निबंधलेखनाचा एक लहानसा वर्ग चालवितो. काही वर्षांपूर्वी 'माझे घर' ह्या विषयावर एका मुलीने फार सुंदर निबंध लिहिला. घरचे यंत्रमाग बंद पडले, सुताची उधारी वाढली, आईने बांगड्या मोडल्या, असे सारे तिने सरळ, साध्या भाषेत मांडले होते. मी आनंदाने त्या पानाचा फोटो काढला आणि तिच्या नावासह पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर आदर्श निबंध म्हणून टाकला. दोन दिवसांत बांगड्यांची बातमी सूत उधार देणाऱ्या व्यापाऱ्याच्या कानी गेली व तो पैशासाठी त्यांच्या दारात उभा राहिला. मुलगी वर्गास येईनाशी झाली. माझा हेतू चांगला होता, पण त्याने त्या घराचे नुकसान काही कमी झाले नाही.

खाजगी माहिती म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर नाव, पत्ता आणि मोबाईल नंबर येतो. दुकानदाराच्या बाबतीत ते बहुतांशी खरे आहे. लेखन शिकविणाऱ्याकडे मात्र ह्याहून नाजूक ठेव येते. मुले निबंधात आजाऱ्याचा आजार लिहितात, भावाची नोकरी गेल्याचे लिहितात, आईवडिलांचे भांडणही लिहितात. पालकाने फॉर्मवर जे कधीच भरले नसते, ते मूल पाच गुणांसाठी लिहून देते!

कायद्यानेही आता ह्यात लक्ष घातले आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून मुख्य कर्तव्यांसाठी त्यांत १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. नुसती कागदी वही ह्या कायद्याखाली येत नाही, पण तिचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवला की येते. म्हणजे माझे ते एक पान बरोबर ह्याच उंबरठ्यावर होते. माहिती कशासाठी हवी हे आधी सांगावे लागते. संमती मागताना ती विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागते. म्हणजे आपल्या गावच्या पालकास मराठी, उर्दू वा हिंदी यांतून निवड करता येईल. अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत पालकाची खात्रीलायक संमती हवी. दिलेली संमती परतही घेता येते, आणि काम संपल्यावर माहिती पुसून टाकावी लागते.

लहान वर्गास हे जड जाईल असे काही मित्र म्हणतात. मला तसे वाटत नाही. माझ्या जुन्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय, उत्पन्न आणि आधार क्रमांक असे रकाने होते. ते मी दुसऱ्या एका फॉर्मवरून उतरवून घेतले होते, आणि त्यांचा उपयोग एकदाही केला नव्हता. शाळाप्रवेशासाठीसुद्धा आधार सक्तीचे करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी ठरविले आहे. मग हस्ताक्षराच्या वर्गाला ते कशाला हवे? आता मी मुलाचे नाव, इयत्ता आणि पालकांपैकी एकाचा फोन एवढेच लिहून घेतो.

व्हॉट्सॲपचा गटही बंद केला. गटात प्रत्येकाचा नंबर बाकीच्या सर्वांना दिसतो. ब्रॉडकास्ट यादीने निरोप पाठविला तर तो ज्याचा त्याला मिळतो, फक्त पालकांनी माझा नंबर आपल्या मोबाईलमध्ये नोंदविलेला असावा लागतो. शिकवण्यांच्या जाहिरातीसाठी पालकांचे नंबर मागणारे दरसाल येतात. त्यांना चहा मिळतो, यादी मिळत नाही. नमुना म्हणून निबंध दाखवावयाचा झाल्यास मुलास व पालकास दोघांसही विचारतो, आणि नाव झाकतो. नाव झाकूनही घर ओळखू येत असेल तर निबंध दाखवीतच नाही. वर्ग संपला की वह्या परत करतो व मोबाईलमधले फोटो पुसतो.

त्या मुलीची वही घेऊन मी तिच्या घरी गेलो होतो. तिच्या वडिलांची क्षमा मागितली व मोबाईलमधला फोटो त्यांच्यासमोर पुसला. गटावरूनही तो काढला होता, पण तोवर तो किती जणांनी पुढे धाडला असेल ह्याचा हिशेब माझ्यापाशी नव्हता. त्यांनी वही उघडली, ते पान वाचले, मुलीला हाक मारली व वही तिच्या हाती दिली.