एक शब्द, अनेक विषय: आमच्या वर्गाचा 'माहिती-कोश'



आज एका साध्या उपक्रमाबद्दल लिहितो आहे. त्याला खर्च काही नाही. एक जाड वही, दोन-तीन विषयांचे शिक्षक आणि प्रश्न विचारणारी मुलं एवढं असलं की पुरे. उपक्रमाचं नाव 'माहिती-कोश'. सुरुवात मात्र वर्गात झाली नाही, ती एका शेतकऱ्याच्या नुकसानीतून झाली.

सुरुवात कशी झाली?

आमचं वाटूर म्हणजे जालना–मंठा रस्त्यावरचं, परतूर तालुक्यातलं गाव. सोयाबीन, कापूस, तूर ही इथली पिकं. एका वर्षी काढणीच्या तोंडावर पाऊस झाला आणि सोयाबीन पाण्यात गेलं. तेव्हाच्या पीक विम्याच्या नियमाप्रमाणे नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत 'पूर्वसूचना' द्यायची होती. सातवीतल्या एका मुलाचे वडील चार-पाच दिवसांनी शाळेत आले आणि म्हणाले, "सर, पूर्वसूचना म्हंजे ते आपल्याला आधी सांगणार, असंच ना? मी तर वाट बघत बसलो."

मी गप्प झालो. माणूस निरक्षर नव्हता. दहावीपर्यंत शिकलेला, रोज पेपर वाचणारा. शब्दाचा त्यांनी लावलेला अर्थही चूक नव्हता. 'पूर्व' म्हणजे आधी आणि 'सूचना' म्हणजे वरून खाली येणारी गोष्ट. शाळेत आपण हेच शिकवतो. फळ्यावरच्या सूचना, पेपरवरच्या सूचना, हवामान खात्याची सूचना. विम्याच्या कागदात मात्र सूचना शेतकऱ्याने द्यायची होती आणि तीही नुकसान झाल्यावर. शब्द तोच, दिशा उलटी. त्या उलट्या दिशेत ७२ तास निघून गेले.

त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात बसली. आपण मुलांना शब्दांचे अर्थ शिकवतो, पण तो शब्द एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेला की काय होतं, ते शिकवत नाही.

'माहिती' या एकाच शब्दाची गंमत

मग मी आणि विज्ञान, गणित व भाषेचे सहकारी मधल्या सुट्टीत बसलो. ठरवलं की 'माहिती' हाच शब्द घ्यायचा आणि आपापल्या विषयात त्याचा अर्थ काय ते लिहायचं. चार कागदांवर चार वेगळ्या गोष्टी आल्या.

*कायद्यात:* माहितीचा अधिकार अधिनियम, २००५. त्याच्या कलम २ मध्ये 'माहिती'ची व्याख्या आहे आणि ती फार मोठी आहे. कागदपत्रं, परिपत्रकं, आदेश, अहवाल तर आहेतच, पण अधिकाऱ्याने दिलेला अभिप्राय आणि सल्लाही त्यात येतो. इतकंच काय, वस्तूचा नमुनासुद्धा माहितीच. म्हणजे रस्त्यासाठी वापरलेल्या डांबराचा नमुना ही कायद्याच्या भाषेत 'माहिती' आहे.

*विज्ञानाच्या तासाला:* इथे बरोबर उलट. प्रयोगवहीत 'निरीक्षण' वेगळं आणि 'मत' वेगळं. "मला वाटतं पाणी गरम झालं असावं" हे चालत नाही. तापमापीवर किती अंश दिसले ते लिहावं लागतं. कायद्याने आत घेतलेलं मत विज्ञान बाहेर ठेवतं.

*गणितात आणि संगणकात:* क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ मध्ये माहिती मोजायची रीत मांडली. त्याच्या हिशोबात संदेशाचा अर्थ बाजूला राहतो. संदेश किती अनपेक्षित आहे, ते महत्त्वाचं. एप्रिल महिन्यात वाटूरमध्ये कुणी सांगितलं की "आज ऊन आहे", तर आपल्याला नवीन काय कळलं? जवळपास काहीच नाही. "आज गारा पडल्या" म्हटलं तर मात्र खूप कळलं. हो किंवा नाही, दोन्ही सारखेच शक्य असताना मिळालेलं एक उत्तर म्हणजे एक 'बिट'. मुलांशी खेळ खेळून बघा. १ ते १६ मधला एक आकडा मनात धरायचा आणि फक्त हो-नाही प्रश्न विचारून ओळखायचा. दर वेळी उरलेल्या आकड्यांचे निम्मे-निम्मे भाग केले तर बरोबर ४ प्रश्न लागतात. म्हणजे ४ बिट माहिती.

*जीवशास्त्रात:* डीएनएमध्ये चार प्रकारचे घटक असतात आणि त्यांच्या क्रमात सजीवाची 'आनुवंशिक माहिती' असते. चारातला एक ओळखायला दोन हो-नाही प्रश्न पुरतात, म्हणून एका जागी जास्तीत जास्त २ बिट. इथे गणित आणि जीवशास्त्र हातात हात घालून चालतात. पण ही माहिती कुणी कुणाला 'सांगितलेली' नाही. बोलणारा नाही, ऐकणारा नाही, तरी शब्द माहितीच.

आणि *हिंदीच्या तासाला* आणखी एक धक्का. ज्याला आपण 'माहितीचा अधिकार' म्हणतो, त्याला हिंदीत 'सूचना का अधिकार' म्हणतात. हिंदी 'सूचना' म्हणजे मराठी 'माहिती'. आमची मुलं दोन्ही भाषा एकाच दिवशी शिकतात!

आपल्याकडे हे काम आधी कुणी केलं?

परिभाषा तयार करण्याची मराठीतली परंपरा जुनी आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश तयार झाला. कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले. मला त्यातली मांडणी आवडते. शब्द दहा वर्गांत लावलेले आहेत. दुर्गवर्ग वेगळा, शस्त्रवर्ग वेगळा, लेखनवर्ग वेगळा. शब्द कुठे वापरला जातो ते त्या लोकांनी आधी पाहिलं.

मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली. तो मोल्सवर्थच्या नावाने ओळखला जात असला तरी त्यामागे कँडी बंधू आणि अनेक मराठी पंडित होते. कोश हे एकट्याचं काम नसतं, हे तेव्हापासून दिसतं.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालयाने विषयवार परिभाषा कोश काढले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं. त्याचा पहिला खंड १९७६ चा, पण त्याआधीच, १९७३ मध्ये, 'परिभाषासंग्रह' प्रसिद्ध झाला होता. आधी शब्द ठरवले आणि मग लेख छापले. हा क्रम आपण शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. अलीकडे विश्वकोश मंडळाने विषयवार ज्ञानमंडळं केली आणि विद्यापीठांतल्या, संस्थांमधल्या तज्ज्ञांना एकत्र लिहितं केलं.

एवढं सगळं असताना आमची वही कशाला? कारण हे कोश बहुतेक एकेका विषयाचे आहेत. भौतिकशास्त्राचा वेगळा, ग्रंथालयशास्त्राचा वेगळा. तज्ज्ञाला ते सोयीचं पडतं, कारण तो आयुष्यभर एकाच विषयात राहतो. आपला विद्यार्थी मात्र एका दिवसात सहा-सात विषयांतून फिरतो. तास बदलतो, सर बदलतात, शब्द तोच राहतो आणि अर्थ गुपचूप बदलतो.

पहिला प्रयत्न फसला

प्रामाणिकपणे सांगतो, पहिल्यांदा आम्ही चूक केली. शिक्षकांनीच साठेक शब्दांची यादी केली, समोर इंग्रजी प्रतिशब्द लिहिले आणि मुलांना वहीत उतरवायला दिलं. मुलांनी सुंदर अक्षरात उतरवलं. आठ दिवसांनी विचारलं तर कुणालाच काही सांगता येईना. एका भाषेतलं न कळलेलं दुसऱ्या भाषेत न कळलेलं झालं, एवढंच.

मग पद्धत बदलली. शब्द मुलांनी आणायचे. अट एकच: तो शब्द किमान दोन ठिकाणी दोन अर्थांनी भेटलेला असला पाहिजे. पुस्तकात, बँकेत, रेशन दुकानात, दवाखान्यात, टीव्हीवर, कुठेही.

नोंद कशी लिहायची?

प्रत्येक शब्दाला एक पान. पानावर सहा गोष्टी:

१. शब्द आणि तो कुठे कुठे भेटला
२. त्या-त्या ठिकाणचा अर्थ, एका वाक्यात, मुलाच्या स्वतःच्या शब्दांत
३. प्रत्येक अर्थाचं गावातलं एक उदाहरण
४. 'हे नव्हे': कोणत्या गोष्टीशी गल्लत होते
५. हिंदीत आणि इंग्रजीत काय म्हणतात
६. कुणी लिहिलं आणि कुणी तपासलं

चौथा मुद्दा सगळ्यात मोलाचा. अर्थ पाठ करता येतो, पण 'हे नव्हे' लिहायला समजावंच लागतं. सहावाही महत्त्वाचा. विज्ञानाचा अर्थ विज्ञानाच्या बाईंनी तपासायचा आणि बाजाराचा अर्थ मोंढ्यात माल नेणाऱ्या पालकांनी. 'आवक' शब्द आला तेव्हा तसंच केलं.

आमच्या वहीतलं 'सूचना'चं पान थोडक्यात असं:

- शाळेत: काय करायचं ते सांगणं. उदा. पेपरवरच्या सूचना. देणारे शिक्षक, घेणारे आपण.
- ग्रामसभेत: सुचवलेली गोष्ट. उदा. "हातपंप दुरुस्त करा अशी सूचना केली." देणारं कुणीही.
- विम्यात: झालेलं नुकसान कळवणं. देणारा शेतकरी, घेणारी विमा कंपनी.
- हिंदीत: आपण ज्याला माहिती म्हणतो ते.
- हे नव्हे: विम्यातली पूर्वसूचना म्हणजे पावसाचा अंदाज नव्हे. तिची वाट बघायची नाही, ती आपण द्यायची.

शेवटची ओळ त्याच मुलाने लिहिली आहे. मी त्यात एक अक्षर बदललं नाही.

मतभेद झाले तर?

होणारच. इंग्रजी 'डेटा'ला काय म्हणायचं, यावर आमच्यात दोन दिवस वाद चालला. गणिताच्या पुस्तकात 'सामग्री' आहे. अलीकडच्या मराठी लेखनात 'विदा' दिसतो. मुलं सरळ 'डेटा' म्हणतात, आणि त्यांच्यासाठी डेटा म्हणजे मोबाइलचा रोजचा कोटा! मला 'विदा' आवडतो. गणिताचे सर म्हणाले, "परीक्षेत पुस्तकातलाच शब्द हवा." भाषेच्या बाई म्हणाल्या, "आजीला कळेल तो शब्द खरा."

शेवटी तिन्ही शब्द एकाच पानावर ठेवले आणि कोणता कुठे चालतो ते समोर लिहिलं. एकच शब्द लादला असता तर वही नीटनेटकी दिसली असती, पण मुलाला बाहेर भेटणारे दोन शब्द परके राहिले असते. कोशाने भांडण मिटवलंच पाहिजे असं नाही. भांडण कशावरून आहे ते स्वच्छ लिहिलं तरी पुष्कळ झालं.

याने नक्की काय साधतं?

गुण वाढले की नाही, याचा हिशोब मी मांडलेला नाही. पण वर्गात एक सवय लागली. मुलं विचारतात, "सर, हा शब्द कुठला?" म्हणजे कुठल्या विषयातला.

याची गरज किती आहे? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी भटक्या समाजातली माणसं होती ती. असे संदेश तेव्हा मोबाइलवर फिरत होते. पुढे पाठवणाऱ्यांना ती 'माहिती' वाटत होती. आमच्या कोशात म्हणूनच 'अफवा', 'बातमी', 'माहिती' आणि 'पुरावा' ही पानं शेजारी-शेजारी आहेत. 'अफवा'च्या पानावर एका मुलीने लिहिलं आहे: "जिला कुणी लिहिलं आणि कुणी तपासलं हे दोन रकाने भरता येत नाहीत ती." आम्ही शिक्षकांनी इतकी सोपी व्याख्या केली नसती.

पालकांसाठी

घरीही हे जमतं. मुलाने फॉर्म, पावती, नोटीस, औषधाची चिठ्ठी वाचली की एवढंच विचारा: यातला कोणता शब्द तू शाळेत वेगळ्या अर्थाने वापरतोस? आणि तुम्हाला एखादा शब्द अडला तर तो मुलाला द्या. लाजू नका. आमच्या वहीतलं सगळ्यात उपयोगी पान एका वडिलांच्या अडलेल्या शब्दातून आलं आहे.

शिक्षकांसाठी

महिन्याला पाच शब्द पुरे. 'दाखला', 'नोंद', 'खाते', 'बल', 'कार्य', 'ऊर्जा', 'संदर्भ' यांपासून सुरुवात करा. सगळे विषय-शिक्षक महिन्यातून एकदा अर्धा तास एकत्र बसले तरच हे चालतं. एकट्याने केलं तर पुन्हा ती साठ शब्दांची यादीच होते.

ते वडील पुढच्या हंगामात पुन्हा शाळेत आले होते. या वेळी हातात विम्याचा कागद होता, आणि पाऊस अजून पडायचा होता. म्हणाले, "सर, यातले शब्द आधीच बघून घेऊ म्हटलं."

आम्ही मुलाला वही आणायला पाठवलं.