खोल बसलेला बोल्ट कसा काढावा

सिद्धेश्वर धरणाच्या फुगवट्यालगत ज्यांच्या जमिनी आहेत, त्यांपैकीं पुष्कळांस पाणी उचलण्यासाठीं लहान इंजिनावर विसंबावें लागतें. पूर्णेवर येलदरीच्या खालच्या अंगास असलेल्या ह्या धरणाचें पाणी जसजसें मागें सरतें, तसतसें इंजिनही चिखलांतून पुढें न्यावें लागतें. दिवसां ऊन, रात्रीं दंव, आणि पावसाळ्यांत खताच्या पोत्यांशेजारीं मुक्काम. असें इंजिन ऐन हरभऱ्याच्या पाण्याच्या वेळीं बंद पडतें, आणि उघडावयास जावें तों बोल्ट हलत नाहीं. बिघाड दहा मिनिटांचा व बोल्ट दोन दिवसांचा, असा प्रकार आम्हीं कित्येक ठिकाणीं पाहिला आहे.

पंपाच्या, फवारणीच्या व गवत कापण्याच्या लहान यंत्रांत हे बोल्ट बहुधा 5 किंवा 6 मिलिमीटर जाडीचे असतात. डोकें खोल भोकाच्या तळाशीं असल्यामुळें बाहेरचा पाना लागत नाहीं. डोक्यांतील सहा कोनी खाचेंत एलन पाना घालावा लागतो. बोल्ट पोलादी व अंग ॲल्युमिनियमचें. दोन धातूंच्या सांध्यांत ओल व खताचा क्षार शिरला कीं आट्यांत गंज व पांढरी भुकटी धरते, आणि ती मूळ धातूहून अधिक जागा व्यापीत असल्यामुळें पाचर मारल्यासारखा बोल्ट आवळला जातो.

पहिलें काम जोर करण्याचें नव्हे, खाच स्वच्छ करण्याचें. टोकदार तारेनें तळाची माती उकरून हवेनें फुंकून काढावी. 6 मिलिमीटरच्या बोल्टास 5 चा पाना लागतो व 5 च्या बोल्टास 4 चा. जुन्या पेटींतील इंची पाने येथें घात करतात. 3/16 इंचाचा पाना म्हणजे 4.76 मिलिमीटर, तो 5 च्या खाचेंत सहज जातो, किंचित् ढिला राहतो, आणि जोर पडतांच कोन झिजवितो. गोल टोकाचा पानाही पहिल्या हिसक्यास वापरूं नये. महसुलाच्या दप्तरांत घाईनें केलेली नोंद खोडून दुसरी लिहितां येते. झिजलेला कोन पुनः उभा राहत नाहीं.

यंत्र गवत कापण्याचें असल्यास आणखी एक गोष्ट पाहावी. त्याच्या पात्याचा नट बहुधा उलट्या आट्यांचा असतो. तो घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें फिरविला असतां सुटतो. हें न जाणतां लोक तो अधिकच घट्ट करीत बसतात.

यानंतर गंज सोडविणारें तेल थेंबभर सोडून रात्रभर मुरूं द्यावें. सकाळीं पाना खाचेंत तळापर्यंत बसवून त्याच्या माथ्यावर हातोडीचे दोन-तीन सरळ, नेमके ठोके द्यावेत. पुढें प्रथम किंचित् आवळून मग सोडविण्याचा प्रयत्न करावा. आवाज होऊन गंज तुटला तर अर्धा फेरा मागें, पाव फेरा पुढें, असें करीत बोल्ट बाहेर आणावा.

एवढ्यानें न हलल्यास उष्णता द्यावी. एक अंश सेल्सिअस उष्णता वाढली असतां ॲल्युमिनियम आपल्या लांबीच्या दहा लक्षांश सुमारें 23 भागांनीं वाढतें, पोलाद सुमारें 12 भागांनीं. म्हणून भोंवतालचें अंग 100 अंशांनीं तापविलें तर 6 मिलिमीटरच्या भोकांत बोल्टापेक्षां सुमारें 0.0066 मिलिमीटर अधिक मोकळीक होते. हा आंकडा केसाच्या जाडीहूनही पुष्कळ लहान आहे, परंतु गंजाची पकड सुटण्यास बहुधा पुरतो. उष्णता बोल्टास न देतां अंगास द्यावी. त्यापूर्वीं पेट्रोलची टाकी व नळी काढून दूर ठेवावी, सांडलेलें तेल पुसून वाळूं द्यावें, आणि रबराचे भाग जवळ असल्यास ज्योत मुळींच लावूं नये; गरम हवेचें यंत्र वापरावें.

खाच झिजलीच, तर पान्याच्या टोकास वॉल्व्ह घासण्याची पेस्ट लावून पाहावी. तिचे कण पकड देतात. तेंही न साधल्यास तारेच्या आकाराचें, किंचित् मोठें टोक ठोकून बसवावें. सरतेशेवटीं डोकें ड्रिलनें उडवावें. खाच मध्यभागीं असल्यानें ड्रिल आपोआप मध्यावर राहतें. 6 च्या बोल्टास 6 चेंच ड्रिल घ्यावें व डोकें सुटतांच थांबावें. डोकें गेलें कीं ताण जातो, आणि वरचा भाग काढून घेतल्यावर उरलेली कांडी पुष्कळदां पकडीनें फिरते. उलट्या आट्यांचें काढणें बाजारांत मिळतें, पण बारीक बोल्टांत तें मोडल्यास त्याच्या कठीण पोलादांत साधें ड्रिल शिरत नाहीं. आमच्या माहितींतील एका शेतकऱ्याचा सायलेन्सर बसविण्याचा भाग अशानें निकामी झाला. नवा मिळेपर्यंत दोन पाळ्या हुकल्या.

नवा बोल्ट लावतांना आट्यांस उष्णता सोसणारें ग्रीस लावावें. 6 मिलिमीटरच्या बोल्टास ॲल्युमिनियमांत सुमारें 10 न्यूटन-मीटर आवळ पुरे. म्हणजे वीतभर लांबीच्या पान्याच्या टोकास साडेचार किलोच्या भाराएवढा जोर. ग्रीस लावल्यावर त्याहूनही कमी.