किनाऱ्यावरील काळोखाचा उपयोग

काळोख पडला की मनुष्य दिवा लावितो, व त्यात वावगे काही नाही. परंतु कोकणच्या किनाऱ्यावर असा एक जीव जन्मास येतो की, त्याची पहिली वाट खऱ्या काळोखावाचून त्यास सापडत नाही. तो जीव म्हणजे समुद्री कासव. ह्या पाठात आपण त्याचा विचार करू.

१. घरटे. आपल्या किनाऱ्यावर बहुतकरून ऑलिव्ह रिडले जातीची कासवे येतात. नोव्हेंबरापासून मार्चपर्यंत मादी रात्री वाळूवर चढते, सुमारे दीड फूट खोल खळगा करून त्यात शंभराच्या आसपास अंडी घालिते, खळगा बुजविते व समुद्रात परत जाते. ती पुन्हा पिलांकडे येत नाही. सुमारे पन्नास दिवस वाळूची ऊब हीच त्यांची दाई. ही ऊब अधिक असल्यास माद्या अधिक निपजतात, कमी असल्यास नर अधिक.

२. चंद्र व भरती. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची वेळ अदमासे निघते, हा हिशेब आपल्या कोळी बांधवांस ठाऊक आहे. अष्टमीस ती सहाच्या सुमारास येते. अमावास्येस व पौर्णिमेस सूर्य आणि चंद्र ह्यांची ओढ एकवटते, म्हणून त्या सुमारास उधाण असते. उधाणाचे पाणी ज्या घरट्यात वारंवार शिरते, त्यातील अंडी बहुधा नासतात.

३. काळोख. पिले बहुधा रात्री, वाळू निवल्यावर, बाहेर पडतात. समुद्र कोणीकडे आहे हे त्यांस कोण सांगतो? उघड्या पाण्यावरील आकाश किंचित उजळ असते, व जमिनीकडील सुरूची झाडे आणि वाळूच्या टेकड्या काळ्या दिसतात. पिले उजेडाकडे धावतात. आता जमिनीच्या बाजूस विजेचा प्रखर दिवा असेल, तर ती त्याच्याकडे वळतात, आणि वाळूतच थकून, किंवा कुत्र्यांच्या व कावळ्यांच्या तोंडी पडून मरतात.

४. एका गावाचे उदाहरण. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात वेळास गाव आहे. तेथे पूर्वी माणसे व जनावरे अंडी नेत असत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने तेथे रक्षणाचे काम आरंभिले व ग्रामस्थांनी ते आपले मानिले. अंडी कुंपणाच्या आत वाळूत पुरितात व निघालेली पिले समुद्रकाठी सोडितात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही अंडी नेणे गुन्हा आहे; तथापि रात्री उठून वाळू तुडविणारे हात नसते, तर नुसत्या कायद्याने पिले वाचली नसती.

५. आपले कर्तव्य. कोणी म्हणेल, "दिवा नसल्यास साप-विंचवाचे भय कसे टळावे?" प्रश्न योग्य आहे. घरातील दिवा विझवा असे आमचे सांगणे नाही. जानेवारीपासून मेपर्यंत पिले निघतात. तेवढ्या काळात समुद्राकडील दिव्यास आडोसा करावा, त्याचा झोत खाली वळवावा, व वाळूवर बॅटरी फिरवू नये. ह्यास खर्च थोडा, परंतु शेजाऱ्यांची एकी पुष्कळ लागते.

ह्यात आपलाही लाभ आहे. फेब्रुवारीच्या रात्री आठाच्या सुमारास मृग नक्षत्र माथ्यालगत दक्षिणेस येते. झगझगीत दिव्यांखाली मुलांस ते नीटसे दिसत नाही. जूनच्या ७-८ तारखेस सूर्य त्याच नक्षत्रात शिरतो, तेव्हा ते दिसेनासे होते व शेतकरी पावसाची वाट पाहतो. ज्याच्या नावाने आपण पेरणीचा काळ मोजितो, ते मुलांस एकदा तरी डोळ्यांनी दाखवावे.

प्रश्न : (१) पंचमीस पूर्ण भरती अदमासे केव्हा येईल? (२) पिलांस समुद्राची दिशा कशी कळते? (३) आपल्या वाडीतील कोणते दिवे वाळूवर पडतात, व त्यांविषयी कोणाशी बोलावे लागेल?