पहारेकरी जेव्हा रजेवर जातो



गेल्या महिन्यात आमच्या चिरंजीवांनी एका खेळासाठी कुठूनसा एक प्रोग्रॅम उतरवून घेतला. सोबतच्या सूचनांत पहिलीच ओळ होती, "आधी अँटिव्हायरस बंद करा." स्वारी ते बंद करणार, इतक्यात आम्ही खोलीत शिरलो! "बंद कसे करायचे ते आम्हीच दाखवतो, पण आधी ते काय काम करते ते समजून घे," असे आम्ही म्हटले. तोच पाठ आज तुमच्यासाठी.

भारतात आजीच्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमन बसलेला तुम्ही पाहिला असेल. विंडोज ११ मध्येही असा पहारेकरी मुळातच असतो. त्याचे नाव मायक्रोसॉफ्ट डिफेंडर. नवी फाइल आली किंवा उघडली की तो ती तपासतो. ओळखीच्या विषाणूंच्या खुणा त्याच्यापाशी असतात. शिवाय एखादा प्रोग्रॅम संशयास्पद वागू लागला तर तो त्यालाही अडवतो.

कधी कधी तो भल्या माणसालाही अडवतो. आम्ही घरी लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम त्याने असाच रोखला होता. अशा वेळी तो तात्पुरता बंद करता येतो:

१. स्टार्ट मेनूतून 'विंडोज सिक्युरिटी' उघडा.
२. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' निवडा.
३. 'मॅनेज सेटिंग्ज'वर टिचकी मारा.
४. 'रिअल-टाइम प्रोटेक्शन'चे बटण बंद करा.

संगणक येथे परवानगी मागतो. ती प्रशासकाच्या खात्यालाच देता येते, म्हणून मुलांचे खाते साधे ठेवावे.

थोड्या वेळाने हे संरक्षण आपोआप पुन्हा सुरू होते. पण त्यावर विसंबू नका. मधल्या वेळात आलेली फाइल न तपासताच आत येते आणि घातक प्रोग्रॅमला एकदा चालायला क्षणभर पुरतो. म्हणून काम झाले की बटण लगेच सुरू करा.

खरे तर पहारेकऱ्याला घरी पाठवण्याची गरज क्वचितच पडते. 'प्रोटेक्शन हिस्टरी'त त्याने काय अडवले ते दिसते. खातरजमा झाली, तर तेवढ्या एकाच फाइलला परवानगी देता येते.

आता चिरंजीवांकडे वळू. आम्ही एवढेच विचारले, "फाटकावरचा अनोळखी पाहुणा म्हणाला, आधी वॉचमनला हटवा, मग मी आत येतो, तर तू काय करशील?" त्यांनी थोडा विचार केला आणि फाइल स्वतःच पुसून टाकली. मित्र तो खेळ खेळत होते, त्यामुळे दोन दिवस रुसवा चालला!

पण त्या संध्याकाळी आमच्याही एक गोष्ट लक्षात आली. आजोबांच्या स्कॅन केलेल्या पत्रांची एकुलती एक प्रत त्याच संगणकावर होती. मूळ पत्रे आता उरलेली नाहीत. रात्रीच आम्ही तिची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढली व डिस्क कपाटात ठेवली. चूक मुलाची होणार होती, निष्काळजीपणा मात्र आमचा होता.

शब्दार्थ: तात्पुरता – थोड्या वेळापुरता, खातरजमा – खात्री करून घेणे, विसंबणे – भरवसा ठेवून स्वस्थ राहणे.

स्वाध्याय: घरच्या संगणकावर 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' सुरू आहे का, ते आईबाबांबरोबर पाहा आणि पाच वाक्ये लिहून आणा.