काच वेगळी, हात सुरक्षित

घरगुती काचेच्या स्वतंत्र संकलनाविषयी कुटुंबांसाठी व दवाखान्यात येणाऱ्या नागरिकांसाठी आरोग्यपाठ

औषधाची रिकामी बाटली, मुरंब्याची बरणी, हातातून निसटून फुटलेला पेला. घरातील अशी काच बहुधा भाजीच्या देठांबरोबर आणि प्लास्टिकच्या वेष्टनांबरोबर एकाच पिशवीतून बाहेर जाते. पिशवीला गाठ मारली की आपल्यापुरता तो विषय संपतो. मात्र ती पिशवी पुढे कोणीतरी हाताने उचलते, गाडीत दाबते आणि वर्गीकरणासाठी पुन्हा उघडते. आत काच आहे, हे त्या व्यक्तीला बाहेरून दिसत नाही. ते तिला समजते ते तळहाताला जखम झाल्यावरच.

तीच काच वेगळ्या खोक्यात दिली, तर ती कोणालाही इजा न करता कारखान्यात पोहोचते आणि तिची पुन्हा बाटली होते. आपल्या गावात, प्रभागात किंवा सोसायटीत काचेचे स्वतंत्र संकलन सुरू होत असेल, तर प्रत्येक कुटुंबाने काय करावे, हे या पाठात सांगितले आहे.

१. काच वेगळी का ठेवावी?

पहिले कारण आरोग्याचे. फुटक्या काचेने झालेली जखम कचऱ्यातील घाणीमुळे लवकर चिघळते. मातीत व घाणीत असणारे धनुर्वाताचे जंतू अशा जखमेतून शरीरात शिरू शकतात. हाताच्या बोटांतील स्नायुबंध किंवा नस कापली गेली, तर हातावर पोट असलेल्या कामगाराचा रोजगारच थांबतो. पिशवीतील अन्नाच्या वासाने येणारी गुरे व कुत्री यांनाही काचेमुळे इजा होते.

दुसरे कारण डासांचे. अंगणात, गच्चीवर किंवा कुंपणापाशी पडलेल्या बाटलीत व बरणीत पावसाचे पाणी साचते. डेंग्यू व चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास अशाच लहान साठ्यात अंडी घालतो. अनुकूल हवामानात अंड्यापासून डास तयार होण्यास सुमारे ७ ते १० दिवस पुरतात. पाणी आटले तरी अंडी भांड्याच्या आतील बाजूस चिकटून अनेक महिने टिकू शकतात. म्हणून केवळ पाणी ओतून टाकणे पुरेसे नाही. रिकामी बाटली वेळेवर घराबाहेर, योग्य ठिकाणी गेली पाहिजे.

तिसरे कारण पुनर्वापराचे. वाळू, सोडा राख आणि चुनखडी सुमारे १५०० अंश सेल्सिअस तापमानाला वितळवून काच तयार केली जाते. या मिश्रणात जुन्या काचेचा चुरा घातला, तर भट्टीला कमी उष्णता लागते. चुऱ्याचे प्रमाण दर १० टक्क्यांनी वाढले की ऊर्जेची सुमारे अडीच ते तीन टक्के बचत होते. बाटलीची काच कितीही वेळा वितळवली, तरी तिचा दर्जा उतरत नाही. मात्र ती स्वच्छ हवी. अन्न, माती व चिनी मातीचे तुकडे मिसळलेली काच कारखाने सहसा स्वीकारत नाहीत.

काच जड असते, वाटेत फुटते आणि तिला भाव कमी मिळतो. त्यामुळे भंगारवाले पुन्हा भरता येणाऱ्या काही ठरावीक बाटल्याच घेतात. उरलेली काच मिश्र कचऱ्यात जाते, आणि म्हणूनच तिच्यासाठी स्वतंत्र व्यवस्थेची गरज भासते.

२. काचेच्या खोक्यात काय द्यावे, काय देऊ नये?

द्यावे :
• सरबत, सॉस, खाद्यतेल, मद्य व शीतपेये यांच्या रिकाम्या बाटल्या
• लोणचे, जॅम, मध, कॉफी यांच्या काचेच्या बरण्या
• तोंडाने घ्यावयाच्या पातळ औषधांच्या पूर्ण रिकाम्या व विसळलेल्या बाटल्या

देऊ नये :
• चिनी मातीच्या बरण्या, कप-बश्या व ताटल्या. घरात आपण दोन्हींना बरणीच म्हणतो, परंतु चिनी माती काचेबरोबर वितळत नाही. तिचा एखादा तुकडाही नव्या बाटलीला कमकुवत करतो.
• आरसा, खिडकीची काच, चश्म्याची भिंगे, भट्टीत चालणारी उष्णतारोधक भांडी. यांची घडण बाटलीच्या काचेहून निराळी असते.
• वाढलेल्या बांगड्यांचे तुकडे. ते बारीक व टोकदार असल्याने कागदात गुंडाळून, खूण करून वेगळे द्यावेत.
• बल्ब, ट्यूबलाइट, सीएफएल दिवे व पाऱ्याचे थर्मामीटर
• इंजेक्शनच्या कुप्या, इन्सुलिनच्या बाटल्या, सुया व सिरिंज
• कीटकनाशक, ॲसिड व रंग यांच्या बाटल्या

शेवटच्या तीन प्रकारांविषयी विशेष दक्षता बाळगावी. ‘घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६’ यांनी ट्यूबलाइट, सीएफएल दिवे, पाऱ्याचे फुटके थर्मामीटर, मुदत संपलेली औषधे, वापरलेल्या सुया व सिरिंज, तसेच कीटकनाशकांचे डबे यांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली होती. हा कचरा वेगळा साठवून स्थानिक संस्थेने ठरवून दिलेल्या ठिकाणीच द्यावा. बाटलीत औषध उरले असेल, तर ती विसळू नये. बूच घट्ट लावून ती घातक कचऱ्यात द्यावी.

३. घरातील चार पायऱ्या

पहिली : रिकामी करा व विसळा. यासाठी नवे पाणी लागत नाही. भांडी विसळलेले पाणी पुरते. हेतू एवढाच, की मुंग्या, माश्या व झुरळे येऊ नयेत आणि दुर्गंधी सुटू नये.

दुसरी : झाकण काढा. धातूचे वा प्लास्टिकचे झाकण सुक्या कचऱ्यात टाकावे. कागदी लेबल राहिले तरी चालते. औषधाच्या बाटलीवरील लेबल मात्र फाडावे किंवा खरवडावे, म्हणजे त्या बाटलीत बनावट औषध भरून विकता येणार नाही.

तिसरी : निथळून साठवा. पुठ्ठ्याचे मजबूत खोके किंवा जुनी बादली वापरावी. पातळ पिशवी वापरू नये, कारण काच तिला फाडते. खोके जमिनीवर, छपराखाली आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावे. उंच फळीवर ठेवू नये. काठोकाठ भरू नये. एका व्यक्तीला सहज उचलता येईल एवढेच वजन असावे.

चौथी : ठरलेल्या दिवशी हाती द्या. आदल्या रात्री खोके रस्त्यावर ठेवल्यास ते लवंडण्याची व पावसात भिजण्याची भीती असते. जागा वाचवण्यासाठी बाटल्या फोडू नयेत. न फुटलेली बाटली हाताळणे सर्वांनाच सोयीचे असते.

४. काच फुटली तर?

मुलांना व पाळीव प्राण्यांना दूर न्यावे. पायात चप्पल-बूट घालावेत. मोठे तुकडे जाड कापड किंवा हातमोजे वापरून उचलावेत. लहान तुकडे पुठ्ठ्याने एकत्र करावेत. डोळ्यांना न दिसणारे कण ओल्या वर्तमानपत्राने टिपून घ्यावेत. फडक्याने पुसू नये. फडक्यात अडकलेले कण पुढच्या वेळी हातात शिरतात.

सर्व तुकडे वर्तमानपत्राच्या अनेक घड्यांत गुंडाळून खोक्यात किंवा पत्र्याच्या डब्यात ठेवावेत. त्यावर लाल रंगाने ठळक फुली मारावी, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या व्यक्तीलाही धोका समजेल. हे पुडके देताना कर्मचाऱ्याला तोंडी सांगावे : “यात फुटकी काच आहे.” या चार शब्दांनी एखाद्याचा हात वाचतो.

सीएफएल दिवा, ट्यूबलाइट किंवा पाऱ्याचे थर्मामीटर फुटल्यास वेगळी काळजी घ्यावी लागते. पंखा बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि १० ते १५ मिनिटे सर्वांनी खोलीबाहेर थांबावे. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये, त्याने पारा पसरतो. तुकडे व पाऱ्याचे थेंब जाड कागदाने गोळा करावेत, उरलेले कण चिकटपट्टीने टिपावेत. सर्व काही झाकणाच्या बरणीत घट्ट बंद करून घातक कचऱ्यात द्यावे. पाऱ्याला उघड्या हातांनी स्पर्श करू नये.

५. जखम झाली तर?

• जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी.
• स्वच्छ कापडाने सलग १० मिनिटे दाबून धरावी. मध्येच कापड उचलून पाहू नये.
• हळद, चहापूड, चुना, माती किंवा राख लावू नये. त्याने जखम अस्वच्छ होते आणि डॉक्टरांना तिची खोली नीट तपासता येत नाही.
• काच खोल रुतली असल्यास ती उपसू नये. तुकड्याच्या दोन्ही बाजूंनी दाब देऊन रुग्णालयात जावे.
• डोळ्यात काच गेली असल्यास डोळा चोळू नये. त्यावर दाब न येईल असे आवरण, उदाहरणार्थ कागदी पेला, धरून त्वरित रुग्णालय गाठावे.

रक्त थांबत नसेल, जखम खोल किंवा सांध्यावर असेल, बोट वाकत नसेल किंवा बधिर झाले असेल, तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. तातडीच्या प्रसंगी १०८ किंवा ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

धनुर्वाताच्या लसीविषयी विचारावे. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार बालपणीच्या मात्रांनंतर १० व १६ व्या वर्षी टीडी लस दिली जाते. गर्भवतींनाही ती दिली जाते. जखम खोल वा मळलेली असेल आणि शेवटच्या मात्रेला ५ वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, तर पुन्हा मात्रा लागू शकते. शेवटची मात्रा कधी घेतली हे आठवत नसल्यास तसे स्पष्ट सांगावे.

कचऱ्यातील वापरलेली सुई टोचल्यास जागा साबण-पाण्याने धुवावी. ती पिळू नये, तोंडाने चोखू नये. लगेच सरकारी रुग्णालयात जावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्यतो २ तासांच्या आत सुरू करणे हितावह असते. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग होत नाही.

६. वस्तीत संकलन सुरू करताना

काच कुजत नाही, म्हणून ती रोज उचलण्याची गरज नाही. हीच गोष्ट ही व्यवस्था सोपी करते. केरळमध्ये कुडुंबश्री गटांशी जोडलेल्या हरित कर्म सेनेच्या महिला घरोघरी जाऊन न कुजणारा कचरा गोळा करतात. काच, ई-कचरा, जुनी पादत्राणे अशा वस्तूंसाठी तेथे वर्षातील निरनिराळे महिने नेमून दिलेले असतात आणि कुटुंबांना तसे वेळापत्रक मिळते. आपल्या वस्तीतही महिन्यातील एक दिवस ठरवला, तरी आरंभ होऊ शकतो.

आरंभापूर्वी पुढील बाबी निश्चित कराव्यात : काच कोण उचलणार, ती कोठे साठवणार आणि तेथून कोण खरेदी करणार. खरेदीदार ठरण्यापूर्वी संकलन सुरू केल्यास काचेचे ढीग साचतात आणि लोकांचा विश्वास उडतो. साठवणीची जागा छप्पर असलेली हवी, म्हणजे बाटल्यांत पाणी साचणार नाही.

हे काम नव्या माणसांकडे सोपवताना जुन्यांना वगळू नये. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचे सदस्य दारोदार जाऊन वर्गीकृत कचरा गोळा करतात. वर्षानुवर्षे हेच काम करणाऱ्यांना काचेचे प्रकार व बाजार दोन्ही ठाऊक असतात. कामगारांना हातमोजे, मजबूत पादत्राणे व मुखपट्टी पुरवणे ही २०१६ च्या नियमांनुसार स्थानिक संस्थेची जबाबदारी होती. ती साधने मिळाली आहेत ना, अशी चौकशी नागरिकांनीही करावी.

गावात ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीच्या बैठकीत आणि शहरात महिला आरोग्य समितीत हा विषय मांडता येतो. आशाताई गृहभेटीच्या वेळी या पाठातील चार पायऱ्या समजावून सांगू शकतात.

७. नेहमी विचारले जाणारे प्रश्न

भंगारवाल्याला बाटल्या विकल्या तर चालेल का?
अवश्य. पुन्हा भरली जाणारी बाटली वितळवण्यापेक्षा तशीच वापरली जाणे केव्हाही चांगले.

आमच्याकडे स्वतंत्र संकलन नाही, तर काय करावे?
बाटल्या सुक्या कचऱ्याच्या दिवशी, परंतु वेगळ्या खोक्यात द्याव्यात आणि खोक्यात काच असल्याचे सांगावे.

रिकाम्या बाटल्या घरी वापराव्यात का?
अन्नाच्या बरण्या गरम पाण्याने स्वच्छ धुऊन वापराव्यात. औषधाच्या किंवा सरबताच्या बाटलीत रॉकेल, फिनाइल अथवा कीटकनाशक कधीही भरू नये. ओळखीची बाटली पाहून लहान मूल ते पिऊन टाकते. कीटकनाशकाची बाटली कितीही धुतली, तरी तिच्यात खाण्याचा पदार्थ ठेवू नये.

८. उजळणी

घरातील सर्वांनी, विशेषतः मुलांनी, पुढील वस्तू कोठे जातील ते सांगावे व उत्तर ताडून पाहावे.

• सॉसची रिकामी बाटली : विसळून काचेच्या खोक्यात
• तिचे झाकण : सुक्या कचऱ्यात
• फुटका पेला : गुंडाळून, लाल फुली मारून, हातात
• बंद पडलेला सीएफएल दिवा : घरगुती घातक कचऱ्यात
• आजोबांच्या इन्सुलिनची सुई : टोचणार नाही अशा झाकणाच्या डब्यात, घातक कचऱ्यात
• तडा गेलेली चिनी मातीची बरणी : काचेच्या खोक्यात नाही

पाचही उत्तरे बरोबर आली आणि सहावे चुकले, तरी निराश होऊ नये. बरणीचे उत्तर बहुतेकांचे पहिल्यांदा चुकते. हे पत्रक स्वयंपाकघरात, कचऱ्याच्या डब्याजवळ लावून ठेवावे. पुढच्या वेळी रिकामी बाटली हातात येईल, तेव्हा ती उचलणाऱ्या पुढच्या हाताचा क्षणभर विचार करावा आणि तिला तिच्या खोक्यात ठेवावे.