सोळा कोअरचा मोह

नागपुरातल्या एका औषध वितरकाचा डेटाबेस मी सांभाळते. विक्रीचा अहवाल लवकर निघावा म्हणून तिथल्या तंत्रज्ञाने पोस्टग्रेसमध्ये क्वेरीच्या प्रत्येक टप्प्याला मिळणाऱ्या समांतर वर्करची मर्यादा 2 वरून 8 केली, एकूण वर्करची संख्याही भरपूर वाढवली. सर्व्हरला 16 कोअर होते. चाचणीत एकटा अहवाल भराभर निघाला. महिनाअखेरीला मात्र सगळ्या शाखांनी एकदमच अहवाल मागवले. मेमरी संपली, लिनक्सने एक प्रोसेस मारली आणि पोस्टग्रेसने सगळ्यांचीच जोडणी तोडून रिकव्हरी सुरू केली. भर दुपारी काउंटरवरची बिलं अडकली.

असं का झालं, ते नीट समजून घ्या. ‘वर्क मेम’ ही मेमरीची मर्यादा अख्ख्या क्वेरीची नसते. प्रत्येक प्रोसेसच्या प्रत्येक सॉर्टला ती स्वतंत्र लागू होते. ती 256 एमबी असेल, तर 8 वर्कर आणि मुख्य प्रोसेस मिळून एका सॉर्टलाच सव्वादोन जीबी लागू शकतात. असे दहा अहवाल एकदम चालले आणि प्रत्येकात एकाहून जास्त सॉर्ट असतील, तर 32 जीबीचा सर्व्हरही पुरणार नाही.

समांतर क्वेरी 2016 साली पोस्टग्रेसच्या 9.6 आवृत्तीत आली, तेव्हा ती मुळात बंद ठेवलेली होती. पुढच्या वर्षी 10 व्या आवृत्तीत ती चालू झाली, तीही प्रत्येक टप्प्याला दोनच वर्कर देऊन. हा सावधपणा आपणही पाळायला हवा.

म्हणून आधी ‘एक्सप्लेन अ‍ॅनालाइज’ चालवा. मोजक्याच ओळी हव्या असतील तर योग्य इंडेक्स लावा. कारण वर्कर उभे करायलाही वेळ जातो. योजलेले आणि प्रत्यक्ष मिळालेले वर्कर ताडून पाहा. मिळालेले कमी असतील, तर बहुधा बाकीचे दुसऱ्या क्वेऱ्यांत गुंतलेले आहेत. क्वेरीत तुमचं स्वतःचं फंक्शन असेल, तर वेगळं सांगितलं नसल्यास पोस्टग्रेस ते समांतर चालवण्यास असुरक्षित धरतं आणि पूर्ण क्वेरी एकाच प्रोसेसमध्ये चालवतं. ते फंक्शन तपासल्याशिवाय त्यावर ‘सुरक्षित’ शिक्का मारू नका.

चाचणी नेहमी गर्दीची घ्या, एकट्या क्वेरीची नको. वाढीव वर्कर सगळ्यांना देऊ नका. रात्रीच्या अहवालासाठी वेगळा युजर ठेवा आणि मर्यादा फक्त त्याचीच वाढवा. दिवसा कोअर आणि मेमरीवर पहिला हक्क काउंटरवर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचा आहे.