पळताना घड्याळ १७८ ठोके दाखवतं

प्रश्न : वय ४१. सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी रोज पहाटे पळतो. सपाट रस्त्यावरही घड्याळ अचानक १७८ ठोके दाखवतं. दम मात्र लागत नाही. काळजी करावी का?
– एक वाचक, कवठे महांकाळ

उत्तर : तसं दिसताच थांबा आणि लगेच मनगटाची नाडी मोजा, १५ सेकंदांचे ठोके गुणिले चार. घड्याळ हिरवा प्रकाश टाकून त्वचेखालच्या रक्ताचा चढउतार पाहतं. पट्टा सैल असला, की कधीकधी ते ठोक्यांऐवजी पावलंच मोजतं, आणि पळताना पावलंही मिनिटाला १७०-१८० पडतात. तुम्हाला दम लागत नाही, म्हणून मला हीच शक्यता मोठी वाटते. पट्टा मनगटाच्या हाडाच्या थोडा वर, घट्ट बांधा. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो. शर्यतीतल्या यवतेश्वरच्या चढावर तोच भरवशाचा.

नाडीही तेवढीच किंवा अनियमित लागली, तर फिजिशियनला दाखवा. वर्षानुवर्षं लांब पळणाऱ्यांत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाची लय अनियमित होणं) थोडं जास्त आढळतं. घड्याळात ईसीजी असेल तर ३० सेकंदांची नोंद काढून न्या. ती हार्ट अटॅक मात्र ओळखत नाही. पळताना छातीत दुखलं, भोवळ आली किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलं असेल, तर सांगली-मिरजेत ईसीजी आणि इको होईपर्यंत कृपा करून पळू नका.